सगळ्यांच्या स्क्रीनवर मी

१ सप्टेंबर, सोमवार

आज मीटिंगमध्ये साहेबांनी अखेर जाहीर केलं. महिनाअखेरीस तिन्ही ठिकाणच्या डेस्कटॉपना मिळून एकच माणूस नेमणार. तिन्ही ठिकाणं म्हणजे आमचं हेड ऑफिस, पलीकडच्या शहरातलं ऑफिस आणि नुकताच भाड्याने घेतलेला क्लाउड, म्हणजे परक्या कंपनीचे सर्व्हर. पदाचं नाव: डेस्कटॉप सेवा प्रमुख. स्वतंत्र केबिन, काचेची. जाहीर करताना साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडेही पाहिलं, पण ते त्यांच्या सवयीने.

एक अट आहे म्हणे. पंधरा तारखेला, सोमवारी, नवी इमेज, म्हणजे डेस्कटॉपचा मूळ नमुना, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी पब्लिश व्हायला हवी आणि कोणाचंही काम अडता कामा नये. ते कसं पार पडतं ते पाहून नेमणूक. आणि इमेज करायला दिली कोणाला? मला. आता यात पाहण्यासारखं काय उरलं?

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही आमच्याच विमा कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर, क्लेम्सची सुपरवायझर, त्यामुळे बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. हिने फक्त विचारलं, आणि नाही जमलं तर? इतक्या वर्षांच्या संसारात हिचा पहिला प्रश्न कधी बदलला नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

मुलाखतीत उपयोगी पडेल म्हणून आपलं काम सोप्या भाषेत लिहून ठेवतो.

आमच्याकडे टेबलावर कॉम्प्युटर नसतोच. स्क्रीन, कीबोर्ड, माउस आणि साबणाच्या डबीएवढी एक डबी. माणूस सकाळी येतो, नाव-पासवर्ड टाकतो आणि सर्व्हरवरून त्याचा डेस्कटॉप त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. असे हजारभर डेस्कटॉप एकेक करून कोणी बनवत बसत नाही. एकच मूळ बनवायचा, त्याला मास्टर इमेज म्हणतात. ती पब्लिश केली की सगळीकडे तिच्याच प्रती. मूळ जसं, तशा प्रती. म्हणजे त्या सोमवारी हजार माणसं सकाळी डोळे उघडून जे बघतील ते माझ्या हातचं असेल. हे वाक्य मुलाखतीत शेवटी घ्यायचं, आणि जरा थांबून.

आजवर तीच जुनी इमेज तिन्ही ठिकाणी वेगवेगळी बसवावी लागायची. आता क्लाउडने तिन्ही ठिकाणं जोडली, म्हणून एकदाच बनवायची आणि एका बटणाने सगळीकडे पाठवायची. बटण दाबणारा अर्थातच एकच असू शकतो.

संकल्प: उद्यापासून आठला ऑफिसात. चहा दोनच. कोणावर चिडायचं नाही. काम पायरीपायरीने, चेकलिस्ट समोर ठेवून.

३ सप्टेंबर, बुधवार

दहा वाजता पोचलो. आठला निघायचंच होतं, पण इतक्या लवकर गेलो तर लोकांना वाटेल हा पदासाठी धडपडतोय. चहा पाच. त्यातले तीन दुसऱ्यांनी पाजले, ते माझ्या नावावर धरता येत नाहीत.

४ सप्टेंबर, गुरुवार

इमेजला हात घातला. नियम असा की मास्टर इमेज रिकाम्या खात्यातून करायची. मी माझ्याच खात्यातून केली. रिकाम्या खात्यात काम करणं म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरात चहा करणं, साखर सापडेपर्यंत पाणी आटतं.

मग जरा मनासारखं लावून घेतलं. अक्षर मोठं केलं, कारण हल्ली स्क्रीनवाले अक्षरं फार बारीक काढतात. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो चष्मा घ्या. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, तो दुसरं काय म्हणणार! मी डावखुरा, म्हणून माउसची बटणं उलटी केली. प्रिंट माझ्या टेबलामागच्या प्रिंटरवर जोडली, उठायला नको. मेलखाली जी सही आपोआप येते तीही आत्ताच बदलून टाकली: माझं नाव, आणि खाली डेस्कटॉप सेवा प्रमुख. नंतर गडबडीत अशा गोष्टी राहून जातात.

पब्लिश करायच्या आधी हे सगळं पुसायचं असतं. इमेजवरची बनवणाऱ्याची ओळख काढून टाकायची, म्हणजे प्रत्येकाला कोरा डेस्कटॉप मिळतो. चेकलिस्टवर शेवटून दुसरी पायरी आहे. मला सांगायची गरज नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी. कन्येची मैत्रीण अभ्यासाला आली होती. घरच्या कॉम्प्युटरवर बसली आणि पाच मिनिटांत रडकुंडीला आली. काही दाबलं की भलतंच उघडतं म्हणाली. कन्या तिला समजावत होती, आमच्या बाबांचं सगळं उलटं असतं. मुलांच्या बोलण्यात आदर असा राहिलाच नाही. ही आणि कन्या दोघी उजव्या हाताच्या, पण माझ्या माउसवर कशा झटपट काम करतात. सवयीचा प्रश्न आहे सगळा. शिकायची इच्छा हवी.

दुपारी ही म्हणाली की माझ्या मजल्यावरची दहा मशीन देते, आधी दोन दिवस तिथे नवी इमेज चालवून बघा. काही निघालंच तर माझ्या माणसांना मी सांभाळून घेईन, बाहेर बोभाटा होणार नाही. मी शांतपणे विचारलं की नवऱ्याच्या कामाची परीक्षा आता बायको घेणार का. ही म्हणाली, तुमची नाही हो, इमेजची. मी म्हटलं, एकच. त्यावर हिने ओट्याकडे तोंड करून बराच वेळ पातेलं घासलं.

७ सप्टेंबर, रविवार

ही पुन्हा तेच. दहा नको तर पाच मशीन घ्या. मी स्पष्ट सांगितलं, टेस्टिंग करायची म्हणजे चूक आहे हे आधीच कबूल करायचं. तो विषय संपला. मोठा मुद्देसूद बोललो. ही भाजी निवडत बसली.

९ सप्टेंबर, मंगळवार

पलीकडच्या ऑफिसातल्या इनचार्ज बाईंचा फोन. या बाई प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू करतात, म्हणून मी त्यांना पणबाई म्हणतो. पदावर त्यांचाही डोळा आहे, हे आंधळ्यालाही दिसेल. पण तुम्ही ओळख पुसून मगच पाठवणार ना? पण जुनी इमेज हाताशी ठेवणार ना? पण आमच्याकडची लाइन बारीक आहे, कॉपी पोचायला दिवस जाईल, ते धरलंय ना? मी म्हटलं, बाई, सगळं धरलंय. काय काय धरलंय ते त्यांनी विचारायच्या आत फोन ठेवला. अशांना एक बोट दिलं की हात धरतात.

लाइन बारीक आहे हे मला माहीत नव्हतं. पण म्हणजे ते त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

इमेज तयार! साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, अक्षर छान मोठं आहे. साहेबांनाही चष्मा लागलाय, बोलत नाहीत इतकंच.

दुपारी कॉपी करायला लावली. क्लाउडवर जागा कमी पडली. जुनी इमेज बरीच जागा अडवून बसली होती, ती उडवली. आमच्या सर्व्हरवरचीही उडवली, म्हणजे हिशेब सारखा. चालू प्रती सोमवारपर्यंत तशाच चालतात, त्यांना मूळ लागत नाही. नव्या घरात राहायला गेल्यावर जुन्या घराची चावी खिशात खुळखुळवत फिरायची, हा माझा स्वभाव नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कॉपी चालू. काल दुपारपासून स्क्रीनवर एक हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकते आहे. मी समोर बसून तिच्यावर लक्ष ठेवलं. मी उठलो की थांबते असा संशय आहे. लोक येता जाता विचारत होते, काय चाललंय. मी म्हटलं, पब्लिशिंग. हा शब्द बोलायला बरा वाटतो. एकाने विचारलं, पुस्तक का?

संध्याकाळी पलीकडे पोचली. क्लाउडवरही पोचली. आता रविवारी फक्त बटण.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी दोन

ऑफिसात एकटा. चेकलिस्ट काढली. सगळ्या पायऱ्यांवर खुणा. शेवटून दुसरी तेवढी राहिली, ओळख पुसणे.

आता पुसायची म्हणजे इमेज बदलणार. इमेज बदलली की ती पुन्हा क्लाउडवर आणि पलीकडे पाठवायची. त्या बारीक लाइनवरून. म्हणजे उद्याचा सोमवार गेला, आणि सोमवार गेला की पद गेलं. बरं, पुसायचं कशासाठी? आधीच्या माणसाने केलेला पसारा पुढच्याला दिसू नये म्हणून. माझ्या इमेजमध्ये पसारा कुठे आहे? उलट नीट लावलेलं घर आहे. ते पुसणं हा कामाचा अपमान झाला असता.

त्या पायरीवरही खूण केली. बटण दाबलं. तिन्ही ठिकाणी हिरवा दिवा!

घरी येताना कन्येसाठी आइस्क्रीम घेतलं. ही म्हणाली, नीट झालं ना सगळं? आवाजात काळजी होती. मी म्हटलं, उद्या दुसऱ्या मजल्यावरून खाली बघायची गरज नाही, सगळे वर बघतील. वाक्य नीट जमलं नाही, पण भावना पोचली असावी.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी नऊ

नवा शर्ट. हिरवे दिवे कायम. लोक येऊन बसताहेत.

सव्वानऊ

एकही तक्रार नाही! तक्रारीसाठी डेस्कटॉपवरच एक बटण ठेवलंय, दाबलं की थेट माझ्याकडे येते. माझ्याकडे काहीही आलेलं नाही. इतकी शांतता या ऑफिसात मी आयुष्यात पाहिली नाही. पणबाईंना फोन करावासा वाटतोय. नको, मोठं मन ठेवू.

साडेनऊ

टेबलामागचा प्रिंटर सुरू झाला. बघतो तर पलीकडच्या शहरातल्या कोणा बाईंचा रजेचा अर्ज. मग आणखी एका बाईंचा, तोही तिकडचाच. ऑर्डर निघायच्या आधीच लोक माझ्याकडे रजा मागू लागले. माणसाचं वजन असं न सांगता वाढतं. दोन्ही मंजूर केले, तसा निरोपही पाठवला.

पावणेदहा

प्रिंटर थांबत नाही. पॉलिसीची पानं, कोणाचा तरी पगाराचा दाखला, कोणाच्या मुलाचा शाळेचा निबंध. कागद संपला, भरला, पुन्हा संपला. ट्रेमधून पानं जमिनीवर पडताहेत. हे सगळं मंजूर करायचं म्हणजे माणूस लागेल हाताखाली.

दहा

लोक प्रत्यक्ष यायला लागले. तक्रारीचं बटण कोणाला दाबताच येत नव्हतं म्हणे. दाबायला गेलं की बारीक यादी उघडते, यादीत दाबायला गेलं की ती मिटते. मी म्हटलं, दुसरं बोट वापरा. एकजण म्हणाला, साहेब, अक्षर इतकं मोठं आहे की फॉर्म उघडला तर नुसतं नाव दिसतं, आडनाव बघायला खाली जावं लागतं. मी म्हटलं, मग जा खाली. लोकांना कष्टच नकोत.

साडेदहा

मोठे साहेब, म्हणजे आमच्या साहेबांचे साहेब, यांनी आमच्या साहेबांना फोन केला. सकाळपासून कंपनीतून जी काही मेल बाहेर गेली, ग्राहकांना, वकिलांना, बँकेला, त्या प्रत्येकीखाली माझं नाव आणि डेस्कटॉप सेवा प्रमुख. आमच्या साहेबांनी मोठ्या साहेबांना स्वतःच्या बढतीबद्दल खासगी मेल पाठवली होती. तिच्याखालीही मीच. एका ग्राहकाचा क्लेम नामंजूर झाल्याची मेल गेली, तो आता खाली रिसेप्शनवर उभा राहून नाव घेऊन मला बोलावतोय.

नाव कंपनीभर झालं हे खरं. पण या पद्धतीने नको होतं.

बारा

साहेब माझ्या टेबलाशी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. जमिनीवरचा एक कागद उचलला, वाचला, परत होता तिथेच ठेवला. पणबाईंचा फोन चालूच आहे. उचलत नाही. या घडीला कोणाचं ‘पण’ ऐकण्याची माझी मनःस्थिती नाही.

पावणेएक

एक फार महत्त्वाची गोष्ट कळली. दुसऱ्या मजल्यावर काम चालू आहे! अख्ख्या कंपनीत एकट्या क्लेम्समध्ये. स्वतः जाऊन पाहिलं. सगळे माउस डाव्या बाजूला घेऊन बसलेत. ही एकेका टेबलाशी जाऊन दाखवत होती, हे बोट इथे, ते तिथे, प्रिंटर इथून बदला, सही इथून काढा, आणि अक्षर लहान करायचं बटण ते कोपऱ्यातलं. एकदाही अडली नाही. का अडेल? घरच्या कॉम्प्युटरवर रोज हेच तर आहे. मला पाहिलं आणि म्हणाली, तुम्ही जेवलात का? मी म्हटलं, भूक नाही.

म्हणजे सिद्ध काय झालं? इमेज निर्दोष आहे. वापरणाऱ्यांची तयारी कमी पडली. हे साहेबांना लेखी कळवायला हवं. कळवलं असतं, पण प्रिंटर मोकळा नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काल दुपारी ठरलं की जुनी इमेज परत आणायची. साहेबांनी विचारलं, कुठे आहे? मी जागेचा प्रश्न समजावून सांगायला सुरुवात केली. साहेबांनी डोळे मिटले. तेवढ्यात पणबाई फोनवर म्हणाल्या, पण आमच्याकडे आम्ही एक प्रत ठेवली होती. आज दुपारपर्यंत तिन्ही ठिकाणी त्यांची प्रत चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. जुनी वस्तू परत दिल्याबद्दल टाळ्या! ती इमेज मुळात तीन वर्षांपूर्वी मीच बनवलेली, याचा कोणी उल्लेख केला नाही.

रजेचे ते दोन अर्ज मंजूर केल्याचंही आता प्रकरण झालंय. त्या बाया खरंच घरी बसल्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार

खुलाशाची मीटिंग. मी चांगली बाजू मांडली. म्हटलं, डावखुरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या उजव्या हाताच्या जगात मुकाट्याने दिवस काढतात, एक सकाळ बाकीच्यांनी अनुभव घेतला तर कुठे बिघडलं? कोणी लिहून घेतलं नाही. साहेबांनी विचारलं, ओळख पुसण्याच्या पायरीवर खूण कशी काय आहे? मी म्हटलं, खूण म्हणजे पायरी विचारात घेतली असा अर्थ. साहेब म्हणाले, बरं. साहेबांचं बरं मला अजून नीट उलगडत नाही.

नेमणुकीचं मात्र रद्द झालेलं नाही. मंगळवारी मुलाखती. पदासाठी अनुभव लागतो, आणि सोमवारसारखा अनुभव कंपनीत दुसऱ्या कोणाकडे आहे?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जेवताना ही म्हणाली, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या पदासाठी मीही अर्ज केलाय, साहेबांनीच सुचवलं. हिच्यात विनोदबुद्धी आहे, फार क्वचित दिसते. मी मनापासून हसलो. ही हसली नाही. कन्याही हसली नाही, तिने वरण मागितलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मुलाखत झाली. मी तयार केलेलं वाक्य, हजार माणसं सकाळी डोळे उघडून, ते घ्यावं की नाही यावर आतबाहेर झालं. घेतलं. मोठे साहेब म्हणाले, हो, पाहिलं आम्ही. पुढे एकच प्रश्न विचारला, चाचणी कोणी केली होती? मी या प्रश्नाचं उत्तर सविस्तर दिलं. मध्येच पाणी दिलं गेलं.

बाहेर बाकावर पणबाई बसल्या होत्या, खास गाडी करून आलेल्या. त्यांच्या शेजारी ही. मला धीर द्यायला वर आली असणार. दोघींचं चांगलं जमलेलं दिसलं, हिच्या मांडीवर फाइल होती. मी हिला खुणेनेच सांगितलं की मस्त झाली, आता तू जा कामाला. हिने मान हलवली पण उठली नाही. आतून कोणाला तरी हाक आली तेव्हा मी जिन्यात होतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काचेच्या केबिनमध्ये टेबल कसं लावायचं ते मनात ठरवलं. दाराकडे तोंड. पाठ खिडकीकडे, म्हणजे साहेब खिडकीकडे पाहतील तेव्हाही मीच दिसेन. हिला विचारलं, तुला काय वाटतं? ही म्हणाली, उजेड डावीकडून आला तर बरं. हिला या गोष्टीत रस आहे हे पाहून बरं वाटलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. दार लावायला सांगितलं.

पद हिला दिलं.

साहेब म्हणाले, सर्व्हर सांभाळायला माणसं आहेत, ते पलीकडच्या मॅडम बघतील. प्रमुखाला समोर बसलेला माणूस कळायला हवा. त्या सोमवारी जिचा मजला चालू राहिला तिला द्यायचं, असं वर एकमत झालं. पणबाईंनी स्वतः हिचं नाव उचलून धरलं म्हणे. मी म्हटलं, साहेब, तिला सर्व्हर म्हणजे काय ते विचारा. साहेब म्हणाले, विचारलं. म्हणाली, मला जेवढं लागतं तेवढं मॅडमना विचारून घेईन. आम्हाला उत्तर आवडलं.

मग नियम काढला. नवराबायको एकमेकांच्या हाताखाली चालत नाहीत, दोघांपैकी एकाला विभाग बदलावा लागेल. मी मन मोठं केलं. म्हटलं, माझ्यासाठी तिला उगाच हलवू नका, तिची नुकती कुठे सुरुवात आहे. साहेब जरा गोंधळले. म्हणाले, तिला हलवायचं आमच्या डोक्यातच नव्हतं.

सोमवारपासून माझ्याकडे जुन्या यंत्रसामग्रीची विल्हेवाट. तळमजला. मागच्या दाराने.

२८ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस बोललो नाही. वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं की बोलावं लागत नाही, पण दोन दिवस तेच वर्तमानपत्र किती धरणार? आज हीच समोर येऊन बसली. म्हणाली, मला ते पद नको होतं हो. मला ते तुम्हाला मिळायला हवं होतं. म्हणून तर दोनदा मशीन देत होते. माझ्या दहा माणसांची बोलणी मी खाल्ली असती, कोणाला पत्ता लागला नसता आणि तुम्ही सोमवारी ताठ मानेने उभे राहिला असता. तुम्ही म्हणालात, परीक्षा घेतेस.

मी वर्तमानपत्राची घडी घातली. ही उठून कन्येच्या शाळेचा गणवेश इस्त्री करायला गेली.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. तेव्हा मशीन घ्यायला हवी होती.

२९ सप्टेंबर, सोमवार

तळमजल्यावरची खोली. भिंतीशी जुन्या स्क्रीन एकावर एक, सगळ्यांवर धूळ. टेबल आहे, खुर्ची आहे, डबी आहे. नाव-पासवर्ड टाकला, डेस्कटॉप येईना. माझं जुनं खातं बंद झालं होतं. हेल्पडेस्कला फोन केला. कोणी नवी मुलगी होती, नाव विचारलं, सांगितलं. यादीत नाही म्हणाली. मी म्हटलं, अहो, हे सगळं मी उभं केलंय, दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या प्रत्येकाच्या मेलखाली हे नाव होतं. ती म्हणाली, मी आजच जॉइन झाले, सर. विभाग? मी सांगितला. असा विभाग आहे का, तिने बाजूला कोणाला तरी विचारलं. मग बराच वेळ गाणं वाजलं.

शेवटी म्हटलं, नव्या प्रमुख मॅडम आहेत ना, त्यांचा नवरा. तिने सर म्हणणं सोडून काका म्हणायला सुरुवात केली आणि डेस्कटॉप दोन मिनिटांत आला.

कोरा, नीट, अक्षर मध्यम, पणबाईंनी हिच्या सांगण्यावरून लावलेला. बाजूला एक लहानशी चौकट: तुम्ही उजव्या हाताने काम करता की डाव्या? डाव्या म्हटलं. बटणं आपोआप फिरली. दिवसभर कुठेही अडलं नाही. दोष शोधायला म्हणून मुद्दाम बसलो होतो, चारनंतर तेही सोडलं.

रात्री जेवताना हिला सांगितलं, तुमची इमेज चांगली झालीय. हे बोलायला मला पोळी संपेपर्यंत वेळ लागला. वाटलं, ही हातातलं ठेवून माझ्याकडे बघेल. ही म्हणाली, असं तोंडी नको, तळमजल्याचा अभिप्राय म्हणून लेखी द्या, उद्या मोठ्या साहेबांपुढे फाइल जायचीय.

लेखी दिलं.